माऊस शिकणाऱ्याच्या हातात: वस्तीतल्या केंद्रात संगणक आणि नोकरीशोध कसा शिकवावा

संगणकाचे वर्ग बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने सुरू होतात. हा मॉनिटर, हा सीपीयू, हा कीबोर्ड. इनपुट कशाला म्हणतात, आउटपुट कशाला. वहीत आकृती काढून होते, पहिला आठवडा सरतो आणि दुसऱ्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. येणारे आळशी असतात म्हणून नव्हे. ज्याला शुक्रवारच्या आत ऑनलाइन अर्ज भरायचा आहे, त्याने सीपीयूची आकृती काढून काय करायचं?

म्हणून इथे उलट्या टोकाने सुरुवात करू. प्रत्येकाच्या समोर त्याचा स्वतःचा, खराखुरा एक अर्ज ठेवायचा आणि त्या अर्जाला लागेल तेवढाच संगणक, लागेल त्याच क्रमाने शिकवायचा. आणि माऊस शेवटपर्यंत शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्यायचा. बाकीचे सगळे तपशील या दोन गोष्टींच्या मागून येतात.

पायरी १: नाव नोंदवताना तीन प्रश्न

"संगणक येतो का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. ज्याला बरंच येतं तोही "थोडाफार" म्हणतो आणि ज्याला काहीच येत नाही तोही "थोडाफार"च म्हणतो. त्याऐवजी हे विचारा:

- कोणतं काम हवं आहे, आणि त्यासाठी अर्ज कुठे अडला आहे?
- फोनवर काय काय करता?
- ईमेल आहे का? असेल तर त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा. पुष्कळांचा ईमेल भाच्याने, शेजाऱ्याने किंवा कुठल्याशा दुकानातल्या माणसाने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर. मुलाखतीचं बोलावणं त्या खात्यात येऊन पडलं तरी कळणार कोणाला?

दुसरा प्रश्नही वरवरचा नाही. जो माणूस व्हिडिओ कॉल करतो, फोटो पाठवतो, ओटीपी टाकतो, त्याला निम्मं आधीच येतं. त्याला फक्त ते संगणकावर कुठे असतं हे दाखवायचं असतं. "तुम्ही फोनवर फोटो पाठवता ना, अटॅचमेंट म्हणजे तेच" एवढ्या वाक्याने माणूस सैल होतो.

अर्ज हातात दिल्यावर कोणी "चष्मा विसरलो" असं दोनदा म्हणालं तर कान टवकारा. वाचताच येत नसेल, किंवा फार हळू वाचता येत असेल. हे चारचौघांत उघडं पाडू नका. त्या व्यक्तीसाठी वेगळा तास ठेवा आणि मजकूर वाचून दाखवणारी सोय आणि बोलून टाईप करण्याची सोय या दोन्ही सुरुवातीलाच शिकवा.

पायरी २: खोली आणि यंत्रं

एका संगणकावर एकच माणूस. दोघं बसवले की एक करतो आणि दुसरा मान डोलावतो. मान डोलावणारा घरी जाताना कोराच जातो. संगणक चार असतील तर चारच जण घ्या आणि तुकड्या वाढवा. एका मदतनीसामागे पाचसहा शिकणारे, याहून जास्त झाले की हात वर करून ताटकळणाऱ्यांची रांग लागते.

लॅपटॉप असले तरी साधा, वायरचा माऊस जोडून द्या. टचपॅडवर शिकणं नवख्याला फार जड जातं.

देणगीत आलेल्या जुन्या संगणकांचं काय करायचं हा प्रश्न हल्ली सगळीकडे आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा देणं, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही संगणक चालवणारी दुसरी प्रणाली घाला. फुकट आहे, दिसायला विंडोजच्या जवळचं आहे, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस त्यात आधीच असतात. ईमेल, अर्ज, बायोडेटा एवढ्यासाठी ते पुरून उरतं. मात्र कार्यालयीन कामाच्या चाचण्या वर्ड आणि एक्सेलवर होतात, त्यामुळे एकदोन यंत्रं विंडोज ११ ची असू द्यावीत. देणगीतल्या यंत्राची डिस्क आधी पूर्ण पुसून घ्या. आधीच्या मालकाची कागदपत्रं तुमच्या केंद्रात फिरणं बरं नाही.

संगणक सामाईक आहेत हे विसरू नका. ब्राउझर पाहुणा (गेस्ट) मोडमध्ये उघडायची सवय लावा. खिडकी बंद केली की इतिहास आणि लॉगिन पुसले जातात. पण उतरवून घेतलेल्या फायली तशाच मागे राहतात. डाउनलोड फोल्डरमध्ये लोकांचे बायोडेटा, ओळखपत्रांच्या प्रती, पगाराच्या पावत्या साचत जातात. म्हणून तास संपताना शेवटची पाच मिनिटं ठरलेली: आपल्याला हवं ते स्वतःला ईमेल करायचं किंवा पेनड्राइव्हवर घ्यायचं, डाउनलोड रिकामं करायचं, रीसायकल बिन रिकामी करायची, साइन आउट व्हायचं. हेही शिकणाऱ्यानेच करायचं.

पायरी ३: हाताला वळण

माऊस हे यंत्र डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली जाहीरपणे दाखवलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते सामान्य माणसाला अनोळखीच होतं. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला, तो नुसता करमणुकीसाठी नव्हता. पत्ता पकडून ओढत नेताना लोकांना माऊसची सवय व्हावी हाही त्यामागचा हेतू होता. ती युक्ती आजही चालते. पहिल्या तासाला वीस मिनिटं पत्ते खेळू द्या. कोणी "हे काय शिकवताय" म्हणालं तर कारण सांगून टाका.

आता जवळून बघा. नवखा माणूस डबल क्लिक करतो तेव्हा नेमकं काय बिघडतं? पहिल्या टिचकीला बोट आपटतं, त्या धक्क्याने माऊस केसभर सरकतो, दुसरी टिचकी भलत्याच जागी पडते आणि फोल्डर उघडण्याऐवजी जागेवरून हलतो किंवा त्याचं नाव बदलायची चौकट उघडते. माणसाला वाटतं आपलंच बोट जड आहे. उपाय साधा आहे: मनगट टेबलावर टेकवायचं, बाण जागेवर न्यायचा, हात थांबवायचा, मगच फक्त बोट हलवायचं. तरी जमेना तर एकदा टिचकी मारून एंटर दाबायचं, काम तेच होतं. सेटिंगमध्ये बाणाचा वेग कमी आणि आकार मोठा करता येतो, डबल क्लिकचा वेगही कमी करता येतो. ज्यांचे हात थरथरतात किंवा नजर कमजोर आहे त्यांच्यासाठी हे पहिल्याच दिवशी करून ठेवा.

याच तासाला कंट्रोल आणि झेड शिकवा. एक वाक्य टाईप करायला लावा, सगळं निवडून पुसायला लावा, खोलीत "गेलं!" असा आवाज होऊ द्या आणि मग कंट्रोल-झेड. केलेलं मागे घेता येतं हे डोळ्यांनी पाहिल्यावर "काही बिघडलं तर" ही भीती निम्मी ओसरते.

आता तुमच्या हातांबद्दल. मदतनीस मागे उभा असतो, शिकणारा बटण शोधतोय, दहा सेकंद झाली, वीस झाली, आणि मदतनीसाचा हात आपसूक पुढे जातो. तो थांबवा. हात पाठीमागे बांधून उभं राहणं हा अक्षरशः नियमच करा. मग तोंडाने सांगावं लागतं आणि तेही नीट. "तिथे, तिथे क्लिक करा" याला अर्थ नाही. "वर उजव्या कोपऱ्यात निळं बटण आहे, त्यावर पाठवा लिहिलंय" असं सांगा. आणि मग गप्प बसा. माणूस स्क्रीन वाचतोय, त्याला वाचू द्या.

पायरी ४: ईमेल, म्हणजे खात्याची किल्ली

पत्त्यात आपलं नाव असावं, टोपणनाव किंवा जन्मसाल नको. खातं काढताना मदतनीसाने स्क्रीनसमोर बसू नये. पासवर्ड टाकायची वेळ आली की मान वळवावी, तीही दिसेल अशी वळवावी. "आम्हाला तुमचा पासवर्ड नको" हे शंभरदा सांगण्यापेक्षा ती वळलेली मान जास्त सांगते.

पासवर्डबद्दल जुने समज बरेच पसरलेले आहेत. दर तीन महिन्यांनी बदला, एक चिन्ह घाला, एक आकडा घाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असं सांगितलं आणि लांबीवर भर दिला. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि फोडायलाही अवघड जातो. तो वहीत लिहून घरी ठेवला तर काही बिघडत नाही. संगणकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र नको.

पुनर्प्राप्तीचा फोन नंबर आणि दुसरा ईमेल लगेच घालून घ्या आणि नंबर बदलला तर आधी इथे बदलायचा हे बजावून सांगा. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करणं) सुरू करा, पण सोबतचे राखीव कोड कागदावर छापून द्या. फोन हरवला की तेच कामी येतात. आणखी एक, जे क्वचित कोणी सांगतं: गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं हटवलं जाऊ शकतं. नोकरी लागल्यावर ईमेल विसरून जाणाऱ्यांचे बायोडेटा अशाने कायमचे जातात.

खातं एकदा काढलं म्हणजे आलं असं नव्हे. प्रत्येक तासाची सुरुवात शून्यापासून लॉगिन करून व्हायला हवी. पहिल्यांदा वीस मिनिटं जातील, पुढे पुढे दोन. सराव एकमेकांना पत्र पाठवून करा: विषयाच्या ओळीत नीट विषय, खाली दोन वाक्यं, शेवटी नाव आणि फोन, सोबत एक फाईल. "सोबत बायोडेटा जोडला आहे" लिहून फाईल जोडायची राहणं हा जगभरचा रोग आहे. आधी फाईल जोडायची, मग मजकूर, आणि पत्ता सगळ्यात शेवटी, अशी सवय लावली की अर्धवट पत्र चुकून जातच नाही. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच्या फायली जोडता येतात; फोनने काढलेले प्रमाणपत्रांचे फोटो एकत्र केले की ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

पायरी ५: बायोडेटा

संगणकाला हात लावण्याआधी इथे कागद-पेन घ्या आणि बोला. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण वर्गातली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे आणि ती संगणकाची नाही. "मी काहीच केलेलं नाही" असं सांगणारे इथे भेटतात.

"ताई, आधी काय करायचात?"
"काही नाही, शिवणकाम. घरीच."
"मापं कोण घ्यायचं?"
"मीच."
"कापड कोण आणायचं? पैशांचा हिशेब?"
"तोही मीच. वहीत लिहायचे. दुकानवाल्याला महिन्याच्या महिन्याला दाखवायचे."
"मुदतीच्या आत द्यावं लागायचं?"
"मग! शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश नाही दिले तर पुढच्या वर्षी कोण काम देणार?"

या चार उत्तरांत माल खरेदी, हिशेब, ग्राहकाशी व्यवहार आणि मुदत पाळणं एवढं आलं. बायोडेटात "शिवणकाम" या एका शब्दाऐवजी ते चार ओळींत मांडा, तिच्याच शब्दांत, वाढवून न सांगता. घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षं केलेली सेवाही अशीच खोदून काढावी लागते: औषधांच्या वेळा, डॉक्टरांकडच्या नोंदी, रात्रपाळी. कामात खंड पडला असेल तर तो लपवू नका, एका ओळीत कारण द्या.

मग टाईप करायला बसा. एक पान, एकच रकाना, साधा फॉन्ट. रंगीत पट्ट्या, चौकटी, चांदण्या असलेले तयार साचे दिसतात छान, पण मोठ्या कंपन्यांत बायोडेटा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि तक्त्यात किंवा चित्रात बसवलेला मजकूर त्याला बरेचदा नीट वाचता येत नाही. जाहिरातीत "साठा नोंदणी" असं असेल आणि तुम्ही तेच काम केलं असेल तर बायोडेटातही "साठा नोंदणी"च लिहा.

मराठीत लिहायचा असेल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणारी अक्षरं वापरून, लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती विचित्र चिन्हांची रांग दिसते.

फाईल दोन रूपांत ठेवा: दुरुस्तीसाठी मूळ, पाठवण्यासाठी पीडीएफ. नावात स्वतःचं नाव हवं. "नवीन फायनल २" नावाच्या फायली घेणाऱ्याच्या डोक्याला ताप असतात. ओळखपत्राचे क्रमांक, बँकेचे तपशील बायोडेटात घालू नका.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरावी का? वापरावी, पण माणसाने स्वतः लिहून झाल्यावर. आधी वापरली की सगळ्यांचे बायोडेटा एका साच्यातले होतात आणि न केलेली कामंही बिनदिक्कत आत येतात. मुलाखतीत "हे तुम्ही कसं केलंत?" असं विचारल्यावर गाडी तिथेच अडते. नियम असा: जी ओळ तुम्ही तोंडाने समजावून सांगू शकत नाही, ती खोडा.

पायरी ६: शोध आणि अर्ज

शोधण्याच्या जागा तीन प्रकारच्या: सरकारी रोजगार संकेतस्थळं, नोकऱ्यांची खाजगी संकेतस्थळं (लिंक्डइन त्यातलंच, २००३ पासून सुरू असलेलं) आणि कंपन्यांची स्वतःची पानं. खाजगी संकेतस्थळावर जाहिरात दिसली तरी शक्य असेल तर कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन तीच जागा आहे का बघायला शिकवा. अलर्ट (नवी जागा निघाली की ईमेलवर येणारी सूचना) लावून द्या, पण दोनच. वीस लावले की कोणी एकही वाचत नाही.

चौथी जागा ओळखीची. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने मांडलं की कामाची नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं. वर्गात याचा उपयोग असा करा: प्रत्येकाने वर्षभरात न बोललेल्या दहा माणसांची यादी करायची आणि त्यांतल्या तिघांना तीन ओळींचा निरोप लिहायचा. टाईप करण्याचा सरावही होतो आणि कधीकधी उत्तरही येतं.

ऑनलाइन अर्ज भरताना माणसं कुठे अडतात ते ठरलेलं आहे. अर्धा अर्ज भरला की पान कालबाह्य होतं आणि सगळं जातं. म्हणून लांब उत्तरं आधी साध्या फाईलमध्ये लिहून तिथून चिकटवायची. जन्मतारखेच्या कॅलेंडरवर लोक एकेक महिना मागे जात बसतात. वर्षाच्या आकड्यावर टिचकी मारली की बहुतेक ठिकाणी वर्षांची यादी उघडते. तांबडी चांदणी म्हणजे सक्तीचा रकाना. "पुढे" चालत नसेल तर वर सरकवून तांबडी ओळ शोधायची. शेवटी अर्जाचा क्रमांक येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढल्याशिवाय खिडकी बंद करायची नाही.

केलेल्या अर्जांची नोंद स्प्रेडशीटमध्ये: तारीख, कंपनी, जागा, कुठून भरला, पुढचा फोन कधी. एक्सेल शिकवण्यासाठी खोट्या विद्यार्थ्यांच्या खोट्या गुणांची यादी लागत नाही. हीच पुरते, आणि ती घरी गेल्यावरही उघडली जाते.

पायरी ७: फसवणूक, एक पूर्ण तास

हा विषय शेवटच्या दहा मिनिटांत उरकण्यासारखा नाही. खऱ्या आणि बनावट जाहिराती छापून आणा, मिसळून द्या आणि गटांना वेगळ्या करायला लावा. खुणा त्यांनाच सापडू द्या, मग यादी फळ्यावर:

- नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉप, कशाच्याही नावाने आधी पैसे.
- मुलाखत नाही, पण निवड झाली.
- सगळं बोलणं फक्त चॅटवर, आणि उत्तर "आजच्या आज" हवं.
- व्हिडिओला लाईक करून रोजची कमाई. सुरुवातीला थोडे पैसे खरंच देतात, आणि मग "मोठं काम" उघडायला तुमच्याकडून मागतात.
- ओटीपी, बँकेचा पासवर्ड, किंवा "मदतीसाठी" स्क्रीन ताब्यात देणारं ॲप.

संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवा. जगातली सगळ्यात प्रसिद्ध कंपनी पत्त्याच्या डाव्या टोकाला लिहिलेली असली तरी तिला अर्थ नाही. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या (/) लगेच आधी काय आहे ते बघायचं, मालक तिथे कळतो. हे फळ्यावर लिहून, रेघ मारून, पाचसहा पत्ते घेऊन करा. नुसतं सांगून हे डोक्यावरून जातं.

आणि कोणी आधीच फसलेला असेल तर त्याला वर्गात उदाहरण करू नका. बाजूला बसवून बँकेला आणि पोलिसांना कळवायला मदत करा, त्याच दिवशी.

पायरी ८: मुलाखत

इथे थोडक्यात. व्हिडिओ मुलाखतीचा सराव केंद्रातल्याच दोन खोल्यांत करा: दुव्यावर टिचकी, माईक आणि कॅमेऱ्याला परवानगी, चेहऱ्यावर समोरून उजेड, आवाज बंद-चालू. तंत्र बिघडलं तर म्हणायचं वाक्यही पाठ असावं: "आवाज तुटतोय, मी पुन्हा जोडून घेतो." फोनवरच्या मुलाखतीचा सराव पाठ फिरवून बसून करा, म्हणजे हातवाऱ्यांवर भागवता येत नाही.

मदतनीस आणि मोकळा तास

मदतनीस निवडताना संगणकात तरबेज कोण हे शेवटी बघा. तरबेज मुलं-मुली माऊस सगळ्यात आधी हिसकावतात. ज्याला प्रश्न विचारून थांबता येतं आणि तोच प्रश्न चौथ्यांदा आला तरी आवाज चढत नाही, तो हवा. मागच्या तुकडीतून शिकून गेलेली व्यक्ती अनेकदा सर्वांत चांगली ठरते. आपण कुठे अडलो होतो हे तिच्या ताजं लक्षात असतं.

हजेरीबरोबर आणखी एक नोंद ठेवा: आज कोणी कोणतं काम मदतीशिवाय केलं. "लॉगिन, एकटी." "फाईल जोडली, एकदा विचारून." पुढच्या तासाला काय घ्यायचं ते या वहीतून कळतं, आणि पैसे देणाऱ्या संस्थेला दाखवायलाही ही वही हजेरीपटापेक्षा सरस.

आठवड्यातून निदान एक मोकळा तास ठेवा, ज्यात काहीच शिकवायचं नाही. संगणक चालू, एक मदतनीस हजर, ज्याला जे काम असेल ते घेऊन यावं. नोकरी लागलेली माणसंही तिथे येतील: पगाराची पावती उतरवून घ्यायला, रजेचा अर्ज भरायला, बदललेला फोन नंबर खात्यात घालायला. त्यांना तुकडी संपली म्हणून परत पाठवू नका, आणि त्यांच्यासाठीही माऊसला हात लावू नका.